संमती : कोणी दिली, कोणाच्या नावानं?

आपल्या वस्तीत 'संमती' हा शब्द कोणी बोलत नाही. पोरीचं लग्न ठरतं तेव्हा म्हातारी विचारते, 'पोट्टी राजी हाये का?' बैलाचा सौदा होतो तेव्हा सांगतात, 'हो म्हनलं त्यानं.' संमती हा शब्द कागदावर राहतो. कोर्टात, कचेरीत, गिरणीच्या हापिसात, सभेच्या ठराववहीत. आणि जिथं तो कागदावर येतो तिथं खाली कोणाचा तरी अंगठा उठलेला असतो. तो अंगठा कोणाचा आणि तिथं कसा आला, एवढंच मला या लेखात तपासायचं आहे.

मी इतिहासाचा मास्तर नाही. कापड गिरणीत पाळीवर काम करतो, सुटीच्या दिवशी वाचनालयात बसतो. जे वाचलं ते आपल्या वऱ्हाडाच्या मातीवर घासून पाहिलं. तुम्हीही घासून पाहा.

शब्द फोडला तर सरळ आहे. सम आणि मती. दोघांच्या मती जुळणं. म्हणजे आधी दोन मती पाहिजेत. एकाची मती आणि दुसऱ्याची मान, यातून संमती होत नाही. म्हणून कुठलाही संमतीचा कागद पुढे आला की मी तीन प्रश्न विचारतो. ज्याच्या नावानं संमती लिहिली त्याला विचारलं होतं का? त्याला नाही म्हणता येत होतं का? आणि नाही म्हटल्यावर त्याच्या घरची चूल पेटणार होती का? या तीन प्रश्नांवर आपला सगळा इतिहास तपासता येतो. पुस्तकातली तारीख तीच राहते, पण कागदाची दुसरी बाजू दिसायला लागते.

*

आधी जुन्या कागदांकडं जाऊ. 'राजीनामा' हा शब्द आज आपण नोकरी सोडण्यासाठी वापरतो. मराठेशाहीतल्या न्यायाच्या कागदांत त्याचा अर्थ वेगळा होता. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. गोतसभेपुढं, पंचांपुढं भांडण गेलं की दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा लिहून घेत, की पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य. त्यासाठी जामीनही घेत. निवाडा झाला की हरलेल्याकडून 'येजितखत' घेत. येजितखत म्हणजे आपण हरलो, आपला हक्क खोटा ठरला, पुन्हा भांडणार नाही, अशी हरणाऱ्याची लेखी कबुली. नुसतं हरून भागत नसे. हरणं मान्य आहे असंही त्याच्याच तोंडून वदवून घेत. आणि खरेदीखतात, करारात शब्द येई 'आत्मसंतोषे'. आत्म्याच्या संतोषानं लिहून दिलं. पोट जाळण्यासाठी जमीन विकणारासुद्धा आत्मसंतोषानंच विके.

या कागदांत महार कुठं आहे? आहे. गावाच्या शिवेचा तंटा झाला की महाराला बोलावत. शीव महाराला ठाऊक असते, असं सगळा मुलूख मानायचा. महार पुढं चालायचा, मागून पाटील, पांढरी, शेजारच्या गावचे. तो जिथं पाय ठेवील ती शीव. दोन गावांची जमीन ज्याच्या शब्दावर ठरायची, त्याची साक्ष चालायची. पण त्याच महाराला मेलेलं ढोर ओढायला, सरकारी माणसाचं ओझं वाहायला, रात्री-बेरात्री सांगावा घेऊन धावायला लावताना कोणी राजीनामा लिहून घेतला नाही. वेठीला राजीनामा लागत नसे. ज्याचं नाही ऐकायचंच नाही, त्याचं हो तरी कशाला लिहून घ्यायचं?

म्हणून कोणी म्हणालं की गावगाड्यात सगळे आपापल्या कामावर राजीखुशीनं होते, तर त्याला विचारा, कागद दाखव. पाटलाच्या वतनाचा कागद आहे, कुळकर्ण्याचा आहे. महाराला विचारल्याचा कागद दाखव.

*

आता खुद्द वऱ्हाडाकडं पाहा. आपला मुलूखच एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला तो संमतीच्या कागदावर.

निजामाच्या नावानं एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट. अंमल तिच्यावर इंग्रजांचा, खर्च निजामाचा. खर्च थकत गेला, कर्ज साचलं. १८५३ च्या मे महिन्यात तह झाला आणि त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. पुढं इथल्या काळ्या मातीतला कापूस विलायतेच्या गिरण्यांना लागला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. अमरावती, अकोला, खामगावला कापसाचे बाजार फुगले. निजामाचा दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागत राहिला. इंग्रजांनी दिलं नाही.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला गेला. निजाम महबूब अली खानाशी त्याची बंद खोलीत भेट झाली. नंतर करार झाला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं, त्याबद्दल निजामाला वर्षाला २५ लाख रुपये. कागदावर निजामाची संमती आहे. ती किती राजीखुशीची होती यावर हैदराबादेत तेव्हाही कुजबुज होती. दुसऱ्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं. १९३६ मध्ये आणखी एक करार झाला, निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला आणि कारभार होता तिथंच राहिला.

माझे तीन प्रश्न लावा. निजामाला निदान विचारलं. त्याला नाही म्हणणं जड होतं, पण त्याची चूल विझणार नव्हती. त्याला २५ लाख मिळाले. आणि ज्या कुणब्यानं कापूस पिकवला, ज्या महारानं तो वेचला, गाडीत भरला, बाजारात वाहिला, त्यांना १८५३ मध्ये कोणी विचारलं? १९०२ मध्ये? १९३६ मध्ये? लाखो माणसांचा मुलूख तीनदा कागदावर चढला आणि तिन्ही वेळा त्या माणसांच्या घरापर्यंत प्रश्न पोचला नाही. राजाची संमती तीच रयतेची संमती, हे आधीच ठरलेलं होतं.

इंग्रज गेल्यावर हा रिवाज गेला काय? १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याला आठवडा उरलेला असताना, अकोल्यात करार झाला. पश्चिम महाराष्ट्राचे आणि विदर्भाचे पुढारी बसले आणि वऱ्हाड-महाविदर्भानं संयुक्त महाराष्ट्रात कसं राहायचं ते ठरवलं. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. १ मे १९६० ला राज्य झालं. करार चांगले की वाईट, विदर्भ वेगळा हवा की नको, हा वाद या लेखाचा नाही. मी एवढंच पाहतो की पुढाऱ्यांनी सह्या केल्या आणि मुलूख राजी झाला असं धरलं गेलं. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात महाराष्ट्राचे चार भाग सुचवले. त्यांची काळजी हीच होती की मोठ्या राज्यात मोठ्या जातीची मती सगळ्यांची मती म्हणून चालेल.

*

मराठी वर्तमानपत्रांत 'संमती' हा शब्द गाजला तो १८९०-९१ मध्ये. संमतिवयाचा कायदा. पोरीच्या शरीरसंबंधाला तिची संमती कितव्या वर्षापासून धरायची? आधी वय १० होतं. कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली. सरकारनं १८९१ मध्ये वय १२ केलं. दहाचं बारा! त्यावर पुण्यात आगडोंब उसळला. टिळकांनी विरोध केला. धर्मात परक्या सरकारनं हात घालू नये, असा त्यांचा मुद्दा.

याच्या थोडं आधी रखमाबाईचा खटला गाजला होता. सुतार जातीची, मुंबईची. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं, ती नांदायला गेली नाही. नवऱ्यानं १८८४ मध्ये कोर्टात खेचलं. ती म्हणाली, या लग्नाला माझा होकार कधी घेतलाच नव्हता. पहिल्या न्यायाधीशानं तिला जबरदस्तीनं पाठवायला नकार दिला. अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडं जा, नाहीतर तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. शेवटी तडजोड झाली. ती पुढं विलायतेत शिकून डॉक्टर झाली.

आणि आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्यात बसून ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्येच 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला होता. हे पुस्तक कित्येक वर्षं कोणाला आठवलंही नाही.

त्या वादातली गंमत पाहा. गंमत म्हणतो, पण अंगावर काटा येतो. सुधारक बोलले, सनातनी बोलले, इंग्रज बोलले, डॉक्टर बोलले, शास्त्री बोलले. कायद्याचं नावच संमतिवय. ज्यांच्या संमतीची चर्चा चालली त्या दहा-बारा वर्षांच्या पोरी कुठल्याच सभेत नव्हत्या. वय मोजलं गेलं. मती कोणी मोजली नाही.

*

आता आपल्या चळवळीकडं येऊ. सुरुवात अमरावतीपासूनच करू.

१९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह करायचं ठरलं. पंजाबराव देशमुखांसारखा मराठा माणूस पाठीशी होता. १३ नोव्हेंबर १९२७ ला इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा आठ महिने झाले होते. परिषद चालू असताना थोरले बंधू बाळाराम वारल्याची बातमी त्यांना कळली, तरी माणूस जागचा हलला नाही. पण देवळाचं दार विश्वस्तांच्या हातात. त्यांची संमती हवी. बोलणी झाली, वेळ दिला गेला, सत्याग्रहाची तारीख पुढं ढकलली गेली.

इथं संमती उलटी उभी आहे, हे लक्षात घ्या. वेठीला आपली संमती लागत नव्हती. पण देवीपुढं उभं राहायला मात्र आपल्याला त्यांची संमती लागत होती.

बाबासाहेबांनी ही उलटी उभी राहिलेली गोष्ट १९३३ मध्ये नेमकी धरली. मध्यवर्ती कायदेमंडळात रंगा अय्यर यांनी मंदिरप्रवेशाचं बिल आणलं होतं. गांधींचा त्याला पाठिंबा होता. बिलाची रीत अशी की देवळाच्या भागातल्या हिंदू मतदारांच्या बहुमतानं दार उघडायचं की नाही ते ठरेल. फेब्रुवारीत बाबासाहेबांनी निवेदन काढलं आणि पाठिंबा द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. अस्पृश्यता पाप आहे असं हे बिल म्हणत नाही. ते फक्त हात मोजतं. पापात जास्त लोक सामील आहेत म्हणून पाप चालवून घ्यायचं काय? दार उघडं असो की बंद, ज्याला माणुसकीचा हक्क म्हणतात तो दुसऱ्याच्या बहुमताच्या दारात उभं राहून मागायचा नसतो.

आपल्या तरुण पोरांनी हे निवेदन पाठ करावं. पाण्याचा हक्क, रस्त्याचा हक्क, घोड्यावरून वरात नेण्याचा हक्क यासाठी आजही गावची बैठक बोलावतात आणि म्हणतात, 'सगळ्याइले इचारून पाहू.' कशाले इचारता?

*

१९३२ हे वर्ष तर संमतीच्याच भांडणाचं वर्ष.

गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. तेवढ्यात इकडं मद्रासचे एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांनी आपसात करार केला. राखीव जागा, पण संयुक्त मतदारसंघ. मुंजे हिंदू महासभेचे. राजांच्या संघटनेचे सरचिटणीस होते गणेश आकाजी गवई, आपल्या अमरावतीचे, कौन्सिलातले नेमलेले सभासद. गवईंनी आधीच्या काळात काम केलं होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण प्रश्न असा की मुंजेंशी सही करताना महारवाड्याला कोणी विचारलं? सरकारनं नेमलेला सभासद सरकारला उत्तर देतो. निवडलेला सभासद आपल्याला देतो. या फरकावरच तर स्वतंत्र मतदारसंघाची मागणी उभी होती. मे १९३२ मध्ये कामठीला अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली आणि तिनं बाबासाहेबांची बाजू घेतली. राजा-मुंजे करार नाकारला. म्हणजे आपल्याच विदर्भातून एक खोटी संमती गेली आणि आपल्याच विदर्भातून तिला नाहीही गेलं.

ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांचा जातीय निवाडा आला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघातून ७१ जागा, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत. एका माणसाला दोन मतं. गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबरला प्राणांतिक उपोषण सुरू केलं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, दुसरं मत गेलं. राखीव जागा १४८ झाल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या १० होत्या त्या २० झाल्या. पहिली दहा वर्षं आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी निवडायची, मग त्या चारांतून सगळ्यांनी मिळून एकाला. म्हणजे चार आपण निवडायचे आणि एक त्यांनी.

कागदावर बाबासाहेबांची सही आहे. कोणी म्हणतं, 'सही केली म्हणजे संमती दिली.' आता तीन प्रश्न लावा. विचारलं का? विचारलं, पाच दिवस विचारत होते. नाही म्हणता येत होतं का? तुरुंगात एक म्हातारा उपाशी, देशभर प्रार्थना, आणि उद्या तो गेला तर गावोगावच्या महारवाड्यांवर काय कोसळेल? नाही म्हणण्याची किंमत बाबासाहेबांना एकट्याला भरायची नव्हती. ती पेटलेल्या झोपड्यांनी भरायची होती. ज्या नाहीची किंमत इतकी आहे, त्याच्या उलट बाजूला जो हो आहे त्याला आपण तडजोड म्हणू. संमती म्हणणार नाही. बाबासाहेबांनीही पुढं १९४५ च्या पुस्तकात काँग्रेस आणि गांधींचा हिशेब मांडला. १९४६ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं पुण्यात आणि नागपुरात पुणे कराराविरुद्ध सत्याग्रह केला. आपलं नाही तेव्हा रस्त्यावर लिहिलं गेलं.

त्या करारात एक कलम आहे ते पुष्कळांनी नीट वाचलेलं नसतं. राखीव जागांची पद्धत संबंधित समाजांच्या परस्पर संमतीनं बदलेपर्यंत चालू राहील, अशा अर्थाचं. परस्पर! म्हणजे ज्यांना एवढ्या दबावाखाली सही करावी लागली, त्यांचीही संमती पुढच्या बदलाला लागेल, हे बाबासाहेबांनी त्या घाईतही कागदावर आणवून ठेवलं.

*

आता एक खटला, आपल्या शेजारचा. वर्ष १९७२, महिना मार्च, ठिकाण देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. मजुरी करणारी, आई-बाप नसलेली एक आदिवासी पोर रात्री पोलिस ठाण्यात आली होती, तक्रारीच्या कामानं. ठाण्यातच पोलिसानं तिच्यावर बलात्कार केला. मथुरा खटला म्हणून तो देशाला माहीत आहे.

सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं. कोर्ट म्हणालं, तिची संमती होती. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. खंडपीठ म्हणालं की मुकाट्यानं शरण जाणं वेगळं आणि संमती वेगळी. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये तो निकाल उलटवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून विरोध नव्हता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईनं संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टानं ते धरून चालायचं, असं कलम आलं. २०१३ मध्ये कायद्यात संमतीची व्याख्याच आली : स्वेच्छेनं, स्पष्टपणे दिलेला होकार. अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हेही लिहिलं गेलं. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती व्याख्या राहिली.

'मौनं संमतिलक्षणम्' असं पंडित म्हणतात. गप्प बसला म्हणजे मान्य. हे वचन कोणाच्या सोयीचं, ते या खटल्यात दिसतं. पोलिस ठाण्यात, रात्री, दार लावलेलं, दिवा मालवलेला. त्या पोरीचं मौन हे संमतीचं लक्षण? आपल्या शेकडो वर्षांच्या मौनाचाही असाच अर्थ लावला गेला. ओरडले नाहीत म्हणजे सुखी होते.

*

गिरणीतलं सांगतो, कारण जुना राजीनामा तिथं मला पुन्हा भेटला.

मी ज्या गिरणीत आधी होतो तिथं भरती होतानाच एक छापील कागद पुढं करत. 'मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे.' खाली सही, तारखेची जागा कोरी. कामावर ठेवायच्या दिवशीच कामावरून जाण्याची संमती. पुढं कोणी पगाराचं, पीएफचं विचारलं की साहेब ड्रॉवर उघडायचा आणि तारीख भरायचा. माझ्या बाजूच्या मशीनवरचा एक जण असाच गेला. त्याला बायको-पोरं होती आणि कागदावर घरगुती अडचण होती. पेशवाईतलं येजितखत निदान भांडण हरल्यावर घेत. इथं भांडायच्या आधीच लिहून घेतात.

आता मोठं उदाहरण. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवसाचा कामाचा वेळ ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तास. आणि त्यासोबत शब्द आला, कामगाराची लेखी संमती. शब्द चांगला आहे. पण गेटवर वीस पोरं कामासाठी उभी असताना आतला कामगार लेखी नाही लिहून देईल काय?

यावर सुप्रीम कोर्टाचाच एक निकाल आपल्या कामाचा आहे. १९८२ चा, एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा. किमान वेतनाहून कमी पैशात मजूर काम करत होते. कोणी म्हणेल, ते राजी होते, कोणी बांधून आणलं नव्हतं. कोर्ट म्हणालं, भूक हीसुद्धा सक्ती आहे. पोटापायी कमी मजुरीला हो म्हणणारा माणूस मोकळेपणानं हो म्हणत नाही, ती वेठबिगारीच, राज्यघटनेच्या कलम २३ नं बंद केलेली. ते कलम ज्या घटनेत आहे तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते ते तुम्हाला सांगायला नको. माझा तिसरा प्रश्न, चुलीचा, कोर्टानंही विचारला आहे. तो हवेतला नाही.

*

मग खरी संमती आपल्या इतिहासात कुठं आहे? मी शोधली. मला ती १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सापडली.

बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा घेतली. लाखो लोक समोर होते. ते त्यांचे पुढारी होते, त्यांचा शब्द म्हणजे हुकूम होता. 'आजपासून तुम्ही सगळे बौद्ध' असं म्हणून ते मोकळे होऊ शकले असते, कोणी हरकत घेतली नसती. तसं त्यांनी केलं नाही. ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी उभं राहावं, असं सांगितलं. मैदान उभं राहिलं. मग बावीस प्रतिज्ञा एकेक करून म्हणवून घेतल्या. त्या प्रतिज्ञांतल्या कितीतरी नकाराच्या आहेत. हे मानणार नाही, ते करणार नाही. येवल्याची घोषणा १९३५ ची. मधे एकवीस वर्षं गेली. ती एकवीस वर्षं माणसांना विचार करायला मिळाली. विचारलं, बसून राहता येत होतं, आणि बसून राहणाऱ्याच्या पोटावर कोणी पाय देणार नव्हतं. तिन्ही प्रश्नांवर उतरलेली ती संमती आहे. आमच्या अकोला-अमरावतीकडून बैलगाडीनं, रेल्वेनं, पायी गेलेले म्हातारे-म्हाताऱ्या तेव्हा जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर म्हणून उभे राहिले.

आता माझं म्हणणं आपल्या घराकडं वळतं, आणि ते ऐकून घ्या. आपल्या मंडळाच्या ठराववहीत प्रत्येक ठरावाखाली लिहिलेलं असतं, 'सर्वानुमते मंजूर'. सर्वांत कोण? मागं चटईवर बसलेल्या बायांना विचारलं होतं? त्या चहा करायला उठल्या तेव्हाच ठराव झाला नाही ना? विहारात पोरीचं लग्न लावताना आपण पंचशील म्हणतो. त्याआधी, सोयरीक ठरवायच्या बैठकीत, पोरीला एकटीला विचारतो काय, की मामानं मान हलवली आणि झालं? निवडणुकीत आपल्या वस्तीची मतं कोणी एक जण कोणाला तरी सांगून टाकतो, 'आमची सगळी मतं तुमचीच.' तो आपला मुंजे करार आहे. रोजचा, छोटा.

दुसऱ्यांनी आपल्या नावानं संमती दिली म्हणून आपण जळतो. तर आपण तरी कोणाच्या नावानं देऊ नये.

कामाची गोष्ट सांगून थांबतो. पुढच्या बैठकीपासून ठराववहीत एक रकाना वाढवा. हो म्हणणाऱ्यांचा आकडा लिहा, आणि नाही म्हणणाऱ्याचं नाव लिहा, त्याच्या कारणासकट, आदरानं. ज्या दिवशी आपल्या वहीत एखाद्या पोरीचं नाही तिच्या स्वतःच्या अक्षरात असेल, आणि दुसऱ्या दिवशी ती बैठकीला पुन्हा आलेली असेल, त्या दिवसापासून 'सर्वानुमते' हा शब्द लिहायला हरकत नाही.